मणलेरीची शीव

भित्र्या माणसाची एक खोड असते, त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही. निघोज्याच्या चिमाजीचं तसंच होतं. कुणी ओझं पुढं केलं की यानं उचललं, कुणी पान पुढं केलं की यानं चघळलं. आणि त्या रविवारी देहूरोडच्या मद्रासी वस्तीत म्हाताऱ्या पुजाऱ्यानं हळदीत माखलेला दोरा पुढं केला, तेव्हा या बहाद्दरानं मुकाट मनगट पुढं केलं. देवाचा दोरा, नको कसं म्हणायचं? आपल्याकडं काय कमी दोरे बांधतात? पूजेला बांधतात, जत्रेत बांधतात, चार दिवसांनी सैल होतो आणि आंघोळीत कधी गळून पडतो ते कळतही नाही. चिमाजीला वाटलं, असेल तसलाच.

आता तो तिथं गेलाच कशाला, हे सांगायला हवं. चिमाजी लष्कराच्या डेपोत हमाली करायचा. त्याच्या जोडीला होता मुनुसामी, वेल्लूरच्या पलीकडचा, लढाईच्या काळात भरतीच्या गाडीत बसून आलेला. दोघं मिळून पेट्या उचलायचे, एकाच झाडाखाली भाकर खायचे. मुनुसामीची मराठी म्हणजे अर्धी हिंदी आणि अर्धे हातवारे, पण पोटातलं कळायला तेवढी पुरते. चिमाजीच्या बायकोची, ठकुबाईची, दोनदा कूस उजवली होती आणि दोन्ही वेळा पाळणा हलायच्या आत रिकामा झाला होता. आता तिसऱ्यांदा दिवस भरत आले होते. चिमाजीला भाकर गोड लागेना. मुनुसामी म्हणाला, ‘‘हमारी अम्माला सांग. ती आईच आहे, ऐकते.’’

मद्रासी वस्तीत पत्र्याच्या छपराखाली त्यांची अम्मा होती. म्हणजे कोण, तर द्रौपदी! चिमाजी चाटच पडला. आपल्याकडं द्रौपदी भारताच्या कथेत ऐकायची, डोळे पुसायचे आणि उठून घरी जायचं. हे लोक तिला देवी म्हणून पुजतात, तिच्यासाठी निखाऱ्यावर चालतात. तरी बायकोसाठी माणूस कुठंही डोकं टेकवतो. चिमाजीनं टेकवलं, दोरा बांधून घेतला, सायकलवर टांग मारली आणि तळवड्यावरून, नदी उतरून, निघोज्याला घरी आला.

सकाळी कामावर गेला तर मुनुसामीनं त्याचं मनगट पाहिलं, मग सायकल पाहिली, आणि त्याचा चेहराच उतरला.

‘‘रात को घर गया था?’’

‘‘मग काय तुझ्या घरी झोपू?’’

मुनुसामीनं त्याचा हात धरला आणि मेंढरू ओढावं तसा ओढत पुजाऱ्यापुढं नेला. पुजारी तंगवेलू. वय झालेला, वाळलेला, डोळ्यांत मोतीबिंदू. तो तमिळमध्ये बोलायचा, मुनुसामी त्याचं मराठी करायचा. म्हाताऱ्यानं आधी दोऱ्यावर बोट ठेवलं. हा साधा दोरा नव्हे, हा काप्पू. जत्रेला ज्याच्या हातात काप्पू बांधला, तो अम्माच्या हवाली झाला. शुक्रवारी निखारे तुडवून होईपर्यंत त्यानं वस्तीची शीव ओलांडायची नाही. आणि शुक्रवारी त्यानं निखाऱ्यावर चालायचं.

‘‘म्या?’’ चिमाजी म्हणाला. ‘‘म्या चालायचं?’’

‘‘तूने हात दिया ना?’’ मुनुसामी म्हणाला. ‘‘मला वाटलं, तुला माहिती आहे.’’

चिमाजीनं दोरा काढायला बोट घातलं, तसा म्हातारा असा काही ओरडला की शेजारच्या झोपड्यांतून बाया बाहेर आल्या. मग त्यानं चिमाजीला खाली बसवलं आणि आपल्या गावच्या देवळाची कथा सांगितली.

गावाचं नाव मणलेरी. तळ्याकाठचं गाव, आणि तळ्याच्या बांधावर अम्माचं देऊळ. किती जुनं, ते कुणालाच ठाऊक नाही. देवळाच्या पायरीवरची अक्षरं आता गावातल्या कुणाला वाचता येत नाहीत, इतकं जुनं. एका वर्षी ऐन जत्रेत, मनगटांत काप्पू बांधलेले असताना, उत्तरेकडून घोडेस्वार आले. इथं म्हातारा थांबला आणि मुनुसामीही घोटाळला.

‘‘कुठले घोडेस्वार?’’ चिमाजीनं विचारलं.

‘‘तुम्हारे तरफ के,’’ मुनुसामी जमिनीकडं बघत म्हणाला. ‘‘बहुत पुरानी बात आहे.’’

घोडेस्वारांनी देऊळ जाळलं, गाव जाळलं. बाकीचं गाव रानात पळालं, पण काप्पूवाले हलले नाहीत, शीव ओलांडायची नव्हती ना! त्यातला एकजण मात्र बैल वाचवायला गुपचूप शिवेबाहेर गेला आणि परत आला. कुणाला बोलला नाही. निखाऱ्यावर चालायची वेळ आली तेव्हा सगळे पार झाले आणि हा मधोमध उभा राहिला. पाय उचलेनात. लोक हाका मारत होते, तो त्यांच्याकडं बघत होता, आणि पाय उचलेनात. पुढचं म्हाताऱ्यानं सांगितलं नाही, आणि चिमाजीनंही विचारलं नाही.

‘‘आवं बाबा,’’ चिमाजीचा आवाज चिरका निघाला, ‘‘आमच्या घराण्यात घोडा कधी नव्हताच! आज्याकडं एक गाढव व्हतं, ते पण कुंभाराचं. माज्यावर कशाला काढताय?’’

हे ऐकून म्हातारा हसला, पण त्या हसण्यानं चिमाजीची भीती काही गेली नाही. म्हातारा म्हणाला, काल तू अजाणता गेलास, ते अम्मानं पोटात घातलं. आता तू जाणता झालास. यापुढं गेलास तर ती तुझी आणि तुझ्या घराची हमी घेणार नाही.

घराची! बाकीचं सगळं चिमाजीच्या कानावरून गेलं असतं, पण हा शब्द आत रुतून बसला. घरात ठकुबाई होती आणि तिच्या पोटात तिसरं. त्यानं गावच्या बाळाजीबरोबर घरी निरोप धाडला, ‘कामाची गडबड हाय, शुक्रवारपर्यंत येत न्हाई.’ बाळाजीही डेपोतच होता आणि रोज सायकलनं जायचा-यायचा. खरं कारण चिमाजीनं त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रात्रीत निघोजेभर झालं असतं.

मग तो वस्तीतच राहिला. मुनुसामीच्या बायकोनं वाढलेला भात गिळायचा, डेपोत वस्तीच्या अंगाला असलेल्या गोदामातलंच काम मागून घ्यायचा आणि उरलेला वेळ आपल्या पायांकडं बघत बसायचा. हेच पाय पेट्या उचलतात, हेच घर चालवतात. ते भाजले तर? आणि अडकले तर? छपरापुढं निखाऱ्यांसाठी चर खणायला सुरुवात झाली होती. फावड्याचा आवाज आला की हा ताट सारून उठायचा.

गुरुवारी सकाळी बाळाजी सायकल टाकत आला. धापा टाकत होता.

‘‘चिमा, चल. वहिनी पहाटेपासून अडल्यात. आक्काबाई म्हणती, पोर आडवं हाय. म्हणती, नवऱ्याला बोलवा, नंतर बोल लावू नका.’’

सुईण जेव्हा नवऱ्याला बोलवायला सांगते तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, हे चिमाजीला दोनदा कळून चुकलं होतं. तो उठला, सायकलीकडं धावला, आणि वस्तीच्या कडेच्या ओढ्यापाशी येऊन थबकला. हीच शीव. पलीकडं पाऊल टाकलं तर घराची हमी नाही. अलीकडं राहिलं तर तिकडं ठकुबाई एकटी. पुढं जाववेना, मागं फिरवेना. तो चक्क रडायला लागला, भर उन्हात, सगळ्या वस्तीदेखत. बाळाजी म्हणाला, ‘‘आरं, काय झालं तुला? चल की!’’ यानं मनगट पुढं केलं आणि हुंदके देत सगळं सांगून टाकलं. बाळाजीनं कपाळावर हात मारून घेतला.

मुनुसामीनं म्हाताऱ्याला हाताला धरून तिथवर आणलं. काय झालंय ते म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, कथा अर्धीच सांगितली होती, आता उरलेली ऐक.

मणलेरी जळत होतं. काप्पूवाले शिवेच्या आत, आणि आग त्यांच्याकडं येत होती. बाहेर पडावं तर नेम मोडतो, आत राहावं तर जळून मरतात. तेव्हाच्या पुजाऱ्यानं देवळातून अम्माचा करगम उचलला. करगम म्हणजे पाण्यानं भरलेला कलश, वर कडुलिंबाचा पाला आणि फुलं. तो डोक्यावर घेऊन पुजारी चालू लागला आणि म्हणाला, शीव म्हणजे काय दगड आहे? अम्मा जिथवर चालेल तिथवर तिची शीव. तिच्या मागं चला, तुम्ही आतच आहात. ते तिच्या मागं चालत गेले, रान ओलांडलं, नदी ओलांडली. जिथं ती थांबली तिथं त्यांनी निखारे तुडवले आणि नवं मणलेरी वसवलं. आज देऊळ आहे ते तिथं. जुनं मणलेरी कुठं होतं, हे आता कुणाला माहीतही नाही.

‘‘चल,’’ मुनुसामी म्हणाला. ‘‘अम्मा पुढं. तू पिछे.’’

खरं सांगायचं तर चिमाजीला एवढ्यानं धीर आला नाही. पण हो म्हणायची सवय तिथं उपयोगी पडली. म्हाताऱ्यानं कलश भरून मुनुसामीच्या डोक्यावर दिला. मुनुसामीच्याही हातात काप्पू होता. कलश वाटेत जमिनीला टेकवायचा नाही, एवढं बजावलं. एकानं ढोल घेतला, बायांनी लिंबाच्या डहाळ्या घेतल्या, म्हाताऱ्याला हाताला धरलं, आणि पाऊण वस्ती ओढा ओलांडून निघाली. चिमाजी कलशाच्या इतका लगत चालत होता की मुनुसामीच्या टाचा त्याच्या अंगठ्याला लागत होत्या. बाळाजी म्हणाला, ‘‘मी पुढं जातो, सांगतो गावात,’’ आणि सायकल दामटली. तिथंच घात झाला.

ते वर्ष पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं होतं. पिंपरीला औषधाच्या कारखान्याच्या भिंती वर येत होत्या, पण गावागावांत अजून औषधाआधी मरीआईच आठवायची. पटकी लागली की गाव मरीआईचा गाडा करायचं. त्यात देवी बसवायची, लिंबाचा पाला बांधायचा, आणि वाजतगाजत नेऊन दुसऱ्या गावाच्या शिवेवर सोडून द्यायचा. म्हणजे आपली पटकी त्यांच्या गळ्यात! त्यांनी मग ती पुढच्या गावाच्या गळ्यात घालायची. चिमाजीनंही पोरवयात असा गाडा ढकलला होता, मजेत, बोंबा मारत. त्या वैशाखात खालच्या अंगाच्या दोन गावांत माणसं गेली होती आणि निघोज्याचे लोक शिवेवर पहारा ठेवून होते. अशात बाळाजी गावात शिरला आणि ओरडला, ‘‘देहूरोडचे मद्रासी देवी घेऊन येत्यात! ढोल हाय, लिंब हाय, चिमा बी हाय त्यांच्यात!’’ दुसरं काही ऐकायला कुणी थांबलंच नाही.

तळवडं मागं टाकून मंडळी नदीत उतरली. उन्हाळ्याचं पाणी, गुडघ्याएवढं. पलीकडच्या काठावर चढून वर आले तर समोर निघोजे उभं. काठ्या, कोयते, गोफणी. सगळ्यांत पुढं तात्याबा, चिमाजीचा चुलता, गावात ज्याचा शब्द चालतो तो.

‘‘एक पाऊल पुढं टाकलं तर टाळकी फोडीन,’’ तात्याबा म्हणाला. ‘‘न्या तुमची मरीआई माघारी!’’

ढोल थांबला. मद्रासी बायांनी पोरांना मागं ओढलं. चिमाजी पुढं झाला, हात जोडले.

‘‘तात्या, मरीआई न्हाई ही. द्रौपदी हाय. ठकु अडलीय, मला जाऊ द्या.’’

‘‘तू जा की घरी. तुला कोन अडवतंय? ही पीडा हितंच ऱ्हाऊ दे.’’

‘‘तिच्याबिगर मला जाता येत न्हाई.’’

‘‘बघा, बघा!’’ मागून कुणीतरी ओरडलं. ‘‘झपाटलंय ह्याला! पटकी घेऊन आलाय आपल्याच गावात!’’ आणि एक दगड भिरभिरत आला. तो मुनुसामीच्या खांद्याला लागला. मुनुसामी कळवळला, पण कलशावरचा हात त्यानं सोडला नाही. पाणी मात्र हिंदकळून त्याच्या तोंडावरून ओघळलं.

तेव्हा चिमाजीच्या मनात जे आलं ते त्यानं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. त्याला वाटलं, तात्याचंच खरं असलं तर? म्हातारा म्हणतो अम्मा, पण त्या पाण्यात काय आहे ते मला काय ठाऊक? मी गाडा ढकलला तेव्हा त्यातही असाच पाला होता, अशीच हळद होती. आपण आपल्याच बायकोच्या दारात पटकी नेत असलो तर? तेवढ्यात गावाकडून वाऱ्यावर एक आवाज आला. ती ठकुबाईच होती की नाही, कोण जाणे, पण चिमाजीला ती वाटली.

तो वळला आणि मुनुसामीला म्हणाला, ‘‘दे माज्या डोक्यावर.’’

मुनुसामीनं पुजाऱ्याकडं पाहिलं. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, पण त्यानं मान हलवली. कलश चिमाजीच्या डोक्यावर आला. गार पाणी मानेवरून पाठीत उतरलं. तो काठ्यांसमोर उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा चुलत्याला उलटून बोलला.

‘‘तात्या, ह्यातलं एक बी मानूस शीव वलांडणार न्हाई. म्या एकटा नेतो. आन दुसऱ्या कुनाच्या दारात न्हाई नेत, माज्या दारात नेतो. माजी बायकू बाळंत व्हतीया, दोन लेकरं पुरलीत म्या. मरीआई असती तर तितं नेली असती व्हय?’’

तात्याबाची काठी तशीच वर राहिली. शेवटी तात्याबा म्हणाला, ‘‘गावात कुनाला उलटी जरी झाली, तर तुजं घर पेटवीन,’’ आणि बाजूला सरला. त्याच्याबरोबर सगळी काठ्यांची रांग दुभंगली.

डोक्यावर कलश असलेल्या माणसाला पळता येत नाही. चिमाजी आपल्याच गावातून एकेक पाऊल टाकत चालला होता आणि गाव मागे मागे सरकत होतं. ओळखीच्या बायांनी दारं लावून घेतली. रुक्मिणीबाई, जिनं त्याला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं, तिनं नातवाला पदराआड लपवलं. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. त्याला वाटत होतं, आता पाय अडकणार. मणलेरीच्या त्या माणसाचे अडकले तसे, इथंच, भर गावात. पण पाय उचलले जात होते.

घरापुढं आला आणि अंगणातच उभा राहिला. आतून कण्हणं ऐकू येत होतं, आक्काबाईचा आवाज येत होता, ‘‘लाव जोर, लाव, ठके!’’ मग ठकुबाईची एक किंकाळी आली आणि सगळं थांबलं. पोराचा आवाज नाही. चिमाजीला ही शांतता ओळखीची होती. दोनदा त्यानं याच अंगणात उभं राहून ती ऐकली होती. त्याला पळून जावंसं वाटलं. त्याला कलश आपटून टाकावासा वाटला. ‘आई, आई,’ एवढंच तो पुटपुटत होता, आणि कुठल्या आईला म्हणत होता ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

आत पाठीवर थापट्या मारल्याचा आवाज आला. परत आला. मग काहीतरी खोकल्यासारखं झालं आणि पोर रडलं. आधी किरकिरत, मग चांगलं कडाडून रडलं.

आक्काबाई बाहेर आली, कोपरापर्यंत हात भरलेले, धडुत्यात गुंडाळलेलं पोर छातीशी. ‘‘ल्येक हाय,’’ ती म्हणाली. ‘‘फिरवून काढलं, पायाळू. बघ, बघ की!’’ पण चिमाजीला मान खाली करता येईना. मग आक्काबाईनं ते गाठोडं त्याच्या डोळ्यांसमोर उंच धरलं. लालभडक तोंड, मिटलेले डोळे. चिमाजी नुसता बघत राहिला. अंगणाच्या कडेला तात्याबा आणि मागोमाग आलेलं गाव उभं होतं, कुणी जवळ यायला धजत नव्हतं.

‘‘अवं,’’ आतून ठकुबाईचा आवाज आला, थकलेला, पण तिचाच. ‘‘तितं का हुबं ऱ्हायलाय? आत या.’’

‘‘मला येता येत न्हाई,’’ चिमाजी म्हणाला. ‘‘डोक्यावर देवी हाय. बाळंतिणीच्या खोलीत कशी आनू? इटाळ व्हईल तिला. कोपंल ती.’’

‘‘कंची देवी?’’

‘‘द्रौपदी. मद्राशांची.’’

चिमाजी घाबरला, आता हीसुद्धा गावासारखीच म्हणणार, न्या तिला माघारी.

‘‘पाच लेकरं झाली व्हती तिला,’’ ठकुबाई म्हणाली. ‘‘एका राती पाचीच्या पाची मारली. तिला कसला आलाय इटाळ? बाहीर उन्हात का हुबी केलीय तिला? घेऊन या आत.’’

चिमाजीनं तात्याबाकडं पाहिलं नाही. कलश वरच्या चौकटीला लागू नये म्हणून त्यानं गुडघे टेकले आणि उंबऱ्यावरून तसाच, गुडघ्यांवर, आत गेला.